अंतरपाटाला रीटेक नाही
आसनगाव-शहापूरकडच्या मांडवात तीन कॅमेरे असले की निभावतं. एक स्टँडवर, पूर्ण स्टेज धरून. दुसरा नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर. तिसरा गिंबलवर, वऱ्हाडात फिरता. गिंबलच्या तीन मोटारी हाताचा हिसका खातात, पावलांचा हेलकावा मात्र उरतो. म्हणून गुडघे वाकवून चालायचं. कॅमेरा असाच स्थिर ठेवणारा गॅरेट ब्राउनचा स्टेडिकॅम १९७६च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ चित्रपटात दिसला, तो मोटारीविना.

आपली वीज ५० हर्ट्झची. शटर तिच्याशी जुळणारं, जसं १/५०, ठेवलं नाही तर काही दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकतात. एडिटिंगला तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण आवाजावरून जुळवतात. शेवटच्या ‘सावधान’मागोमाग पडणारा ताशाचा पहिला ठोका त्याला उत्तम. वाजंत्री घाई करून आधीच सुरू झाले, तरी त्यांचा पहिला ठोका हीच खूण.