मोटार निरोप धाडते, मालक का नाही?

गेल्या रब्बीत हरभऱ्याच्या प्लॉटवर महिलांची शेतीशाळा चालू होती. कामगंध सापळा हातात धरून मी समजावत होतो. घाटेअळीच्या मादी पतंगाचा जो वास असतो, तसाच वास सापळ्यातल्या गोळीला लावलेला असतो. त्या वासावर नर पतंग येतो आणि सापळ्यात पडतो. हेक्टरी पाच सापळे लावा, ओळीने दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग सापडू लागले की फवारणीचे बघा... एवढे सांगतो तोच मागून एक मावशी म्हणाल्या, “साहेब, एवढ्याशा किड्याला बायकोचा निरोप पोचतो. आमच्या माणसाच्या खिशात दहा हजाराचा फोन हाय, पण निरोपाच्या नावानं शून्य!”

बायका खो-खो हसल्या. हरभरा बाजूलाच राहिला. मी म्हटले, आपापले फोन काढा बरे, शेवटचा मेसेज कुणाचा आहे बघू. कुणाच्या फोनवर रिचार्ज संपल्याचा, कुणाच्या बँकेचा, दोघींच्या फोनवर आमच्याच कृषी खात्याचा सल्ला! एका वहिनींच्या फोनवर मात्र मोटारीचा मेसेज होता. वाचकांना ठाऊक आहेच, मोबाईल स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असते. लाईट आली, मोटार चालू झाली, की पेटी मेसेज धाडते. मालकांनी पेटीत वहिनींचाही नंबर घातलेला. वहिनी म्हणाल्या, “रात्री अडीचला मोटार मला सांगते, लाईट आली म्हणून. हे बॅटरी घेऊन जातात दारं धरायला. मग पहाटेपर्यंत काही नाही. आमच्याकडं उसात बिबट्या हाय. मी आपली कूस बदलत पडते.”

आता कुणी हसले नाही.

हा पट्टा कुकडीच्या डाव्या कालव्याचा. ऊस आहे, म्हणून बिबट्याला लपण आहे. शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही गावांना दिवसा लाईट मिळू लागली. या वस्तीची रात्रपाळी अजून चुकलेली नाही. साप-किरडू वेगळेच. दारे धरणारा जागा असतो, तशी घरातलीही जागीच असते. तिचा जागरणाचा हिशोब कुणी धरत नाही एवढेच.

दोन दिवसांनी त्या दादांना बांधावर गाठले. पस्तिशीचा गडी, लग्नाला बारा वर्षे. म्हटले, दादा, वहिनींना रात्री दोन शब्द टाकत जा की. तर गडी लाजला! “साहेब, घरातल्या माणसाला काय लिहायचं? तोंडानं कधी बोललो नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच.” फोनमध्ये तरी काय नावाने ठेवलंय म्हणून बघितले, तर ‘घर’!

त्यांची अडचण खरी आहे. आपल्याकडे नवरा-बायकोने चारचौघांत गोड बोलायची रीत नाही. वस्तीवरची दोन खोल्यांची घरे, ओसरीवर म्हातारी माणसे, आत पोरे. बोलायला आडोसा कुठे? पूर्वी मुंबईला गिरणीत असलेला माणूस आंतरदेशीय पत्र धाडायचा, तेही सगळ्यांपुढे मोठ्याने वाचले जायचे. त्यात बायकोसाठी काय लिहिणार? १९९५ ला देशात मोबाईल आला, खेड्यात यायला आणखी काही वर्षे गेली. मग मिस कॉलची भाषा निघाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे भाकरी टाक. पैसा वाचला, बोलणे तेवढेच राहिले.

साध्या एसएमएसमध्ये मराठी अक्षरे जेमतेम सत्तर मावतात, काना-मात्राही त्यात मोजली जाते. म्हणजे लाजाळू माणसाची सोयच. मी दादांना म्हटले, सत्तरच्या आत जेवढे बसेल तेवढे लिहा. त्या रात्री त्यांनी लिहिले, “दारं धरली. ऊस शांत आहे. झोप तू.” दादांनी मला नंतर फोन दाखवला म्हणून सांगतो. उत्तर आले होते, “कानटोपी घातली का?” बाराव्या वर्षी विचारलेला प्रश्न! पुढच्या रात्री, “थंडी लई आहे. तुझा चहा आठवतो.” त्यावर, “या मग लवकर. आलं टाकून ठेवते.”

म्हातारीला याचा पत्ता लागला तोही असाच. अंधारात लेक फोनमध्ये टकटक करतोय हे बघून तिने विचारले, कुणाला लिवतोस? “तुझ्या सुनंला.” म्हातारी म्हणे, “ती तर घरातच हाय की रं!”

मी मोठा शहाणा म्हणून हे लिहीत नाही. माझी नोकरी एका तालुक्यात, बायको-मुले गावी. सात-आठ वर्षे मीही “पोचलो”, “उशीर होईल”, “मीटिंग आहे” एवढेच धाडत होतो. एकदा तिकडून उत्तर आले, “आपला संदेश मिळाला. कार्यवाही चालू आहे.” हसू आले, पण बोचलेही. शेतकऱ्यांना करपा आणि मावा यांवर सल्ले लिहून देणारा माणूस मी. घरी धाडायला मात्र ओळ सुचत नव्हती.

एक मात्र बजावून सांगतो. सकाळी उठून गुलाबाचे चित्र पुढे ढकलणे, याला मी मेसेज धरत नाही. तेच गुलाब सोसायटीच्या सचिवालाही गेलेले असते. आणि भांडण लिहून करू नये. नुसते “बरं” लिहिले तरी वाचणाऱ्याला ते रागाचे वाटते, मग दोन दिवस अबोला. भांडण समोर बसूनच करावे, भाकरीच्या वेळी नको. लिहिता येत नसेल तर बोलून धाडता येते. आमच्या मावशींना मी व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवायला शिकवले. पहिला निरोप त्यांनी मालकाला काय धाडला माहीत आहे? “बाजारातनं येताना गोळ्या आणा, तुमच्याच. बीपीच्या.” बास, एवढाच.

परवा त्याच वस्तीवर पुन्हा जाणे झाले. वहिनी पाटाशी उभ्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये मालकांचे नाव ‘मालक’ असे होते, तिथे आता खरे नाव आले आहे. नाव तोंडाने मात्र अजून घेत नाहीत, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “तुम्हीच वाचा साहेब.” मग एकदम आठवल्यासारखे त्यांनी विचारले, “ते सापळ्याचं ऱ्हायलंच की! काल अकरा पतंग पडलेत. फवारायचं का?”