मराठी ख्रिस्ती ग्रंथांचा संगणकीय शोध : काही पथ्ये

आंतरजालावरील ग्रंथसंग्रहांत मराठी ख्रिस्ती वाङ्मय कसे शोधावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. गिरगावातील विल्सन महाविद्यालयासारख्या (स्थापना १८३२) मिशनरी संस्थांमुळे मुंबईतील अभ्यासकांना हा विषय जवळचा आहे. तथापि संगणकाने 'नोंद आढळली नाही' असे दर्शविताच शोध थांबतो आणि 'ग्रंथ अनुपलब्ध' हा निष्कर्ष प्रबंधात उतरतो. अनेकदा ग्रंथ तेथे असतो. आपला शब्द नोंदीशी जुळत नाही, इतकेच.

याची कारणे प्रामुख्याने तीन. पहिले, लिपी. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) रोमन लिपीत छापले गेले. १९०७ ची मंगळूर आवृत्तीही रोमनच होती. सबब दोन्ही लिप्यांत शोध घ्यावा. दुसरे, शुद्धलेखन. १९६२ पूर्वीच्या मुद्रणातील 'हिंदुस्थानांतील' आणि आजचे 'हिंदुस्थानातील' हे संगणकास भिन्न शब्द वाटू शकतात. तिसरे, नामभेद. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी यांचे नाव 'पद्मनजी' असेही लिहिले जाते. शीर्षकही एकत्र वा तोडून आढळते.

यास्तव प्रथम लेखकाचे आडनाव, नंतर शीर्षकातील एकच ठळक शब्द आणि शेवटी प्रकाशनवर्ष, हा क्रम ठेवावा. तरीही ग्रंथ न मिळाल्यास दादर येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी छापील प्रत वा सूची पाहून शीर्षकाचे मूळ रूप टिपून घ्यावे व त्या रूपाने पुन्हा शोधावे. अनुपलब्धतेचा निष्कर्ष त्यानंतरच नोंदविणे उचित ठरेल.