देवदूतांना पगार लागत नाही!

लंडन : वेस्टमिन्स्टर पुलाच्या एका टोकाला पार्लमेंट, दुसऱ्या टोकाला सेंट थॉमस रुग्णालय. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने याच रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली. तोवर इंग्रजांच्या डोळ्यांपुढची नर्स म्हणजे डिकन्सच्या कादंबरीतली दारुडी सैरी गॅम्प. नाइटिंगेलने ती प्रतिमा पुसली, पण तिच्या जागी दुसरं चित्र आलं : रात्री हातात दिवा घेऊन फिरणारी त्यागमूर्ती. क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला धारेवर धरणारी संख्याशास्त्रज्ञ बाई मात्र विस्मरणात गेली.

त्या दिव्याचा उजेड नर्सेसना महागात पडला. २६ मार्च २०२० पासून सलग दहा गुरुवार, रात्री आठ वाजता, कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हा देश दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. कुणी पातेली बडवली. आपल्याकडच्या थाळीनादाची आठवण व्हावी, असा तो गजर. पुढच्याच मार्चमध्ये सरकारने नर्सेसना पगारवाढ सुचवली ती १ टक्का! देवदूत म्हटलं की पगाराचं बोलणं गैर ठरतं, हे तेव्हा कळलं. १५ डिसेंबर २०२२ रोजी रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेच्या इंग्लंडमधल्या नर्सेस संपावर गेल्या. संघटनेच्या १०६ वर्षांत इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच. सेंट थॉमसच्या दारातही फलक घेऊन त्या उभ्या होत्या, पार्लमेंटच्या अगदी समोर.

लोकांच्या मनातली प्रतिमा खरी बदलते ती रोजच्या कामातून. २०१३ पासून इंग्लंडमध्ये नव्याने नर्स व्हायचं तर पदवी लागते. जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स स्वतः औषधं लिहून देते. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात मधुमेहाचे, दम्याचे कितीतरी रुग्ण नियमित तपासणीला नर्सकडेच जातात. तिने इन्हेलर बदलला, तर ‘डॉक्टरांना विचारलंत का?’ असं सहसा कुणी म्हणत नाही.

आणखी एक गंमत. आपण वॉर्डातल्या कुणालाही ‘सिस्टर’ म्हणतो. इथे सिस्टर हा हुद्दा आहे : वॉर्डाची प्रमुख. बाकीच्यांना लोक छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून हाक मारतात.

आपल्याकडे १२ मे रोजी, नाइटिंगेलच्या जन्मदिनी, परिचारिकांना गुलाबाचं फूल दिलं जातं. ते द्यावंच. पण त्याआधी त्यांचं नाव विचारावं, आणि पगारपत्रकही एकदा पाहावं.