उडतं म्हणजे उडण्यालायक नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं. वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणानं मारुती ८०० चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर घडवलं होतं. चाचणी चालू असताना पंख्याचं पातं तुटलं, त्याचा तडाखा बसला आणि तो गेला. हेलिकॉप्टर तेव्हा जमिनीवरच होतं. असं काही घडलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : पोरगं हुशार होतं, सरकारनं परवानगी द्यायला हवी होती.

हुशारीबद्दल वाद नाही. घोळ आहे तो परवानगीबद्दल. यंत्र हवेत उठलं की ते विमान झालं, बाकी सगळी कागदपत्रं, असं आपण धरून चालतो. खरं तर उड्डाणयोग्यतेचा दाखला उडण्याबद्दल फारसं बोलतच नाही. यंत्र मंजूर आराखड्याबरहुकूम बनलं आहे का आणि या घडीला सुरक्षितपणे चालण्याच्या स्थितीत आहे का, एवढंच तो विचारतो. प्रमाणित हेलिकॉप्टरच्या अनेक पात्यांचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. तेवढे तास भरले की पातं नव्यासारखं दिसत असलं तरी ते काढून टाकायचं. धातूला आतून पडणारी चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तासांचा हिशेब. घरच्या वर्कशॉपमध्ये कितीही कसबी हात असला तरी हा हिशेब कुठून आणणार?

दुसरा गैरसमज नोंदणीचा. शेपटीवर 'व्हीटी' अक्षरं आली की काम झालं! मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलंही. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये. चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. नोंदणी सांगते विमान कुणाचं आणि कुठल्या देशाचं. ते उडवावं की नाही, हे ती सांगत नाही. मधली दोन वर्षं अनेकांना निव्वळ लालफितीची वाटली. थोडी असेलही. पण दोन प्रश्न वेगळे आहेत, हे विसरून चालणार नाही.

बरं, दाखला मिळाला की कायमचा? तोही नाही. आपल्याकडे उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राला जोडून दर वर्षी आढावा-प्रमाणपत्र लागतं. या धंद्यात त्याला 'एआरसी' म्हणतात. त्याची तारीख टळली की नवंकोरं इंजिनही कामाचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअर इंडियाच्या एका ए-३२० नं एआरसी संपलेली असताना आठ फेऱ्या मारल्या. कंपनीनंच ते नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएला कळवलं आणि विमान जमिनीवर बसवण्यात आलं. प्रवाशांना काहीच जाणवलं नव्हतं. 'काही झालं नाही ना?' हा युक्तिवाद इथे लागू नाही. उलट, एआरसीला सहा महिने बाकी असले तरी ठरलेली तपासणी चुकली, बंधनकारक दुरुस्ती राहिली किंवा विमानाला मोठी इजा झाली, तर ते उडण्यालायक राहत नाही.

'एक दिवा बंद असला तरी विमान बेकायदा' हेही खरं नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी 'एमईएल' नावाची मंजूर यादी असते. कोणती वस्तू बंद असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस उडता येईल, ते त्यात लिहिलेलं असतं : 'बी' गटातला दोष तीन दिवसांत, 'सी' गटातला दहा दिवसांत दुरुस्त व्हायलाच हवा. दोष लॉगबुकात लिहायचा, बंद उपकरणावर तशी पट्टी लावायची. यादीत नसलेला सुरक्षेचा दोष 'चालतंय' म्हणून सोडता येत नाही.

राहिला सहीचा प्रश्न. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंता विमान सेवेत सोडण्याची सही करतो. त्यानं वैमानिक सुटत नाही. छोट्या विमानाचा वैमानिक उड्डाणापूर्वी भोवती फेरी मारतो, टाकीच्या तळातून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढतो आणि उजेडात धरून बघतो. पाणी जड असल्यानं ते तळाशी बसतं, तिथे वेगळा थर दिसला की तो काढून टाकेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. हे विमान आत्ता न्यायचं की नाही, हा शेवटचा निर्णय त्याचाच, मागच्या सीटवर मंत्री बसलेला असला तरी.

यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे. कधी भाड्याच्या विमानात बसायची वेळ आली, तर एआरसीची तारीख बेलाशक विचारा. आणि गावात कुणी पोरगं यंत्र जुळवत असेल, तर त्याचं कौतुक जरूर करा. पण फिरत्या पंख्यापाशी त्याला बसू देऊ नका, स्वतःही उभे राहू नका.