परदेशी सेल्युलोज ईथर आणि आपल्या भिंती

भिंतीला फरशी बसविण्याचे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गवंड्याच्या हातावर आणि त्याच्या नजरेवर सोपविलेले होते. फरश्या आदल्या रात्री हौदात भिजत घालाव्यात, सकाळी निथळून घ्याव्यात, वाळू-सिमेंटचा जाड थर थापावा, वर सिमेंटचे दाट पाणी ओतावे आणि थापीच्या दांड्याने ठोकून त्या ओळंब्यात आणाव्यात, ही रीत पाणी पिणाऱ्या भाजलेल्या फरशीसाठी पुरेशी होती. परंतु मोरबीच्या कारखान्यांतून आज घरोघर जाणारी विट्रिफाइड फरशी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही पाणी शोषत नाही. तिच्या पाठीत सिमेंटला रुजण्यास वावच नसतो, आणि जुन्या रीतीने लावलेली अशी फरशी काही काळाने पोकळ वाजू लागते व एखाद्या दिवशी भिंत सोडून खाली येते. यामुळेच पिशवीत मिळणाऱ्या तयार मालाचा, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्हचा, खप वाढला. त्याच्या जोडीने रंगापूर्वी लावावयाची पुट्टी, जिप्समचा गिलावा, ब्लॉक जोडण्याचा माल असे धंदेही आपल्या औद्योगिक वसाहतींतून उभे राहिले. या मालातील सिमेंट, वाळू, डोलोमाइट हे घटक देशी असतात. शेकडा पाव ते अर्धा भाग एवढ्याच प्रमाणात पडणारी एक पांढरी भुकटी मात्र बहुधा समुद्र ओलांडून येते. सेल्युलोज ईथर हे तिचे कुलनाम, आणि एचपीएमसी व एचईएमसी ही तिची बाजारातील प्रचलित नावे. तिचा परदेशी पुरवठादार कसा पारखावा, हा या लेखाचा विषय आहे; कारण लहान कारखानदाराच्या हातून या एका खरेदीत जेवढे नुकसान होते तेवढे सिमेंटच्या किंवा वाळूच्या खरेदीत होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ही भुकटी करते काय? सिमेंटला दगडासारखे होण्यासाठी पाणी लागते, आणि पातळ थरातले पाणी एकीकडून भिंत ओढून घेते तर दुसरीकडून वारा उडवून नेतो. सेल्युलोज ईथर विरघळले की ते पाणी मालात धरून ठेवते. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच्या थरातही सिमेंट पुरते बसते, भिंतीवर पसरलेला माल काही काळ ओला राहतो आणि जड फरशी लावताच खाली घसरत नाही. फ्रेंच रसायनज्ञ आंसेल्म पायाँ याने १८३८ साली वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून सेल्युलोज वेगळे केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची ईथरे प्रयोगशाळांत सिद्ध झाली. १९३०च्या दशकात जर्मनीत व अमेरिकेत त्यांचे कारखानी उत्पादन सुरू झाले. आणि १९५०च्या दशकात अमेरिकेत फरशी न भिजविता पातळ थरावर लावण्याचा सिमेंटचा माल याच द्रव्याच्या बळावर तयार झाला. आज आपण वापरतो ती पद्धत त्याच शोधाची संतती होय.

ते बनते कसे हे खरेदीदाराने मुळापासून समजून घ्यावे, कारण पुरवठादाराची सगळी लक्षणे या कृतीतच दडलेली आहेत. शुद्ध केलेला कापसाचा लिंटर किंवा लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवावयाचा, मग बंद भांड्यात दाबाखाली मिथाइल क्लोराइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइड किंवा इथिलीन ऑक्साइड यांच्याशी त्याचा संयोग घडवावयाचा, निपजलेले मीठ गरम पाण्याने धुऊन काढावयाचे, आणि मग वाळवून, दळून, चाळून भुकटी करावयाची. यातली वायुरूप द्रव्ये विषारी आणि ज्वालाग्राही आहेत, व धुण्याचे खारट सांडपाणी निस्तरणे ही खर्चाची बाब आहे. म्हणून सुरक्षिततेचे व पर्यावरणाचे परवाने पक्के नसलेला कारखाना स्वस्त माल देऊ शकतो खरा, परंतु सरकारी तपासणीची लाट आली की तो एकाएकी बंद पडतो आणि आपल्या गोदामातील साठा संपत आलेला असताना तेथून केवळ दिलगिरीचे पत्र येते. धुणे कमी केले तर मीठ मागे राहते. आणि लिंटरची प्रत बदलली तर सेल्युलोजच्या साखळीची लांबी बदलते व तिच्याबरोबर भुकटीचा सगळा स्वभाव बदलतो.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. लिंटर म्हणजे जिनिंगमध्ये रुई निघाल्यानंतर सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव. आपल्या विदर्भ-खानदेशात सरकीला तोटा नाही, परंतु आपल्याकडील बहुतेक सरकी ही लव न काढताच तेलघाण्यांत जाते, आणि ज्या द्रव्याचे मूळ आपल्याच शिवारात आहे ते आपण डॉलर मोजून बाहेरून आणतो. शिवाय हाच शुद्ध लिंटर नायट्रोसेल्युलोजसाठी, म्हणजे तोफांच्या दारूसाठीही लागतो. त्यामुळे युद्धाने त्याची मागणी वाढली की त्याची झळ पुट्टीच्या पिशवीपर्यंत पोहोचू शकते. ज्याचा पुरवठादार लिंटरवर चालतो आणि ज्याचा लाकडाच्या लगद्यावर, त्या दोघांची जोखीम एकसारखी नसते, हे खरेदीच्या वहीत नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

जागतिक बाजारात या मालाची घराणी मोजकी आहेत. जर्मनीतील विसबाडेन येथील टायलोज, जे आता जपानच्या शिन-एत्सु या कंपनीकडे आहे, डाउ कंपनीची मेथोसेल व वालोसेल ही नावे, स्वीडनमधील बर्मोकॉल, दक्षिण कोरियातील उल्सान येथे बनणारे, पूर्वी सॅमसंगच्या व २०१६ पासून लोट्टे समूहाच्या मालकीचे मेसेलोज, आणि संख्येने सर्वांत मोठा असा चीनच्या शांतुंग व हपै प्रांतांतील कारखान्यांचा समुदाय. पहिल्या गटातील माल महाग परंतु स्वभावाने स्थिर, आणि चिनी माल स्वस्त परंतु लहरी, अशी समजूत बाजारात रूढ आहे. ती अर्धवट खरी आहे. चीनमध्ये उत्कृष्ट आणि नियमबद्ध कारखाने आहेत; अडचण एवढीच की त्यांच्या शेजारी, त्यांच्याच प्रांताचे नाव सांगणाऱ्या, पण स्वतःचे एकही रासायनिक भांडे नसलेल्या शेकडो व्यापारी पेढ्या आहेत, आणि पत्रव्यवहारात दोघांची भाषा सारखीच गोड असते. प्रत्येक चिनी कंपनीला अठरा अक्षरी नोंदणी क्रमांक असतो व त्यावरून तिचा व्यवसाय, भांडवल आणि स्थापनेचे वर्ष सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येते. इसारा पाठविण्यापूर्वी एवढी शहानिशा न करणे हा निव्वळ आळस होय. व्यापाऱ्याकडून माल घेणे यात गैर काही नाही. तथापि माल कोणत्या कारखान्याचा, हे त्याने लेखी कबूल केले पाहिजे, आणि कारखाना बदलल्यास आगाऊ कळविण्याची अट करारनाम्यात घातली पाहिजे.

आता ज्या आकड्यावर हा सगळा बाजार चालतो त्याविषयी. पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो व्हिस्कॉसिटीचा, आणि उत्तर येते ‘दोन लाख’. खरेदीदार समाधान पावतो, कारण शेजारच्या कारखान्यात वापरला जाणारा युरोपीय माल अवघा सत्तर-पंचाहत्तर हजारांचा असतो. वास्तविक हे दोन्ही माल बहुधा एकाच दाटपणाचे असतात. दोन टक्क्यांचे द्रावण २० अंश सेल्सिअसवर चिनी एनडीजे यंत्रावर मोजले असता जे दोन लाख दाखविते तेच ब्रुकफील्ड यंत्रावर सत्तर ते ऐंशी हजारांच्या आसपास येते; कारण हे द्रावण जितके वेगाने ढवळावे तितके पातळ भासते, आणि कोणत्या दांडीने, किती फेऱ्यांच्या वेगाने मोजले यावर आकडा अवलंबून असतो. काहीजण तर दोनऐवजी एक टक्क्याच्या द्रावणाचा आकडा देतात. तेव्हा यंत्र, दांडी, वेग, तापमान आणि द्रावणाचे प्रमाण या पाच गोष्टी सांगितल्याशिवाय दिलेला व्हिस्कॉसिटीचा आकडा कागदावरच ठेवावा. त्याहून महत्त्वाचे असे की एका मर्यादेपुढे दाटपणा वाढवून जलधारण फारसे वाढत नाही. माल थापीला चिकटतो, गवंडी त्यात हळूच जास्त पाणी ओततो, आणि ज्या मजबुतीसाठी एवढा खटाटोप केला तीच घटते.

त्या आकड्याखाली झाकली जाणारी खरी बाब म्हणजे तापमान. हे ईथर थंड पाण्यात विरघळते आणि तापविले की गोठून बाहेर पडते, असा त्याचा उलटा स्वभाव आहे. मिथॉक्सी गटांचे प्रमाण २८ ते ३० टक्के असलेला एचपीएमसी ५८ ते ६४ अंशांच्या दरम्यान गोठतो. हे प्रमाण १९ ते २४ टक्के असेल तर गोठण्याचा बिंदू ७० ते ९० अंशांपर्यंत वर सरकतो. एचईएमसी सामान्यतः उन्हाला अधिक टिकाव धरतो. युरोपीय मानकांच्या कसोट्या २३ अंश तापमानाच्या व ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत घेतल्या जातात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पश्चिमेकडची उन्हात उभी असलेली भिंत हाताला चटका देते. अशा भिंतीवर गोठणबिंदूच्या जवळ पोहोचलेले ईथर पाणी सोडून देते, पसरलेल्या मालावर क्षणात साय धरते आणि गवंडी म्हणतो, ‘माल ओढतोय.’ म्हणून पुण्याच्या किंवा नाशिकच्या हिवाळ्यात उत्तम ठरलेला नमुना विदर्भासाठी मंजूर करू नये. उन्हाळ्यात, उन्हात ठेवलेल्या सिमेंटच्या फळीवर, स्वतःच्या वाळूत आणि स्वतःच्या सिमेंटमध्ये त्याची परीक्षा घ्यावी.

ही परीक्षा अवघड नाही. फळीवर माल दातेरी थापीने पसरावा, पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांनी पाच सेंटिमीटर चौरस फरशीचे तुकडे दोन किलोच्या वजनाखाली अर्धा मिनिट दाबून बसवावेत, आणि अठ्ठावीस दिवसांनी ते ओढून काढण्यास लागणारे बळ मोजावे; वीस मिनिटांनी बसविलेल्या तुकड्याने दर चौरस मिलिमीटरला निदान अर्धा न्यूटन बळ सोसले पाहिजे, असा ईएन १२००४ या मानकाचा दंडक आहे, आणि आपल्याकडे आयएस १५४७७ हे मानक याच मालासाठी आहे. ओढण्याचे यंत्र नसेल तर एक तुकडा ताजा असतानाच उचलून पाहावा: त्याच्या पाठीचा किती भाग मालाने माखला आहे, यावरून अनुभवी माणसाला पुष्कळ कळते.

भेसळीची पारख याहूनही सोपी आहे. पाणी ऐंशी अंशांच्या वर तापवून त्यात दोन टक्के भुकटी टाकून ढवळावी. ती विरघळत नाही, दुधाळ होऊन तरंगते. भांडे थंड होऊ द्यावे, की द्रावण हळूहळू दाट आणि पारदर्शक होते. तेच पुन्हा तापविले असता पांढुरके होऊन पुन्हा गोठते. ज्या नमुन्यात ही पांढरी गोठण होत नाही किंवा अर्धीच होते, त्यात स्वस्त सीएमसी, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, यासारखा परका पदार्थ असल्याचा संशय घ्यावा. आयोडीनचे दोन थेंब टाकताच निळी-जांभळी छटा आली तर स्टार्च आहे. जाळल्यावर उरणारी राख पाच टक्क्यांहून बरीच अधिक भरली तर मीठ किंवा शंखजिरे. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. फरशी घसरू नये म्हणून स्टार्च ईथर मुद्दाम मिसळलेले प्रकार प्रतिष्ठित कंपन्याही विकतात, आणि ते उत्तम चालतात. दोष मिसळण्यात नाही, लपविण्यात आहे. आणि सांगून मिसळणाऱ्या पुरवठादारावर मी न सांगता शुद्ध म्हणविणाऱ्यापेक्षा अधिक विश्वास ठेवीन.

नमुना उत्तीर्ण झाला म्हणजे निवड झाली, असे मात्र नाही. नमुना कोणीही चांगलाच पाठवितो. एकाच प्रकाराच्या निरनिराळ्या महिन्यांतील तीन खेपांचे नमुने आणि त्यांचे पृथक्करणाचे दाखले मागावेत, आणि तिन्ही एकमेकांशी किती जुळतात ते पाहावे. पुरवठादाराचे चारित्र्य या जुळण्यात दिसते. त्यानंतर पैशाचा प्रश्न. बँकेची पतपत्रे ज्या नियमांनुसार चालतात, त्या २००७ पासून अमलात असलेल्या यूसीपी ६०० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की बँका दस्तऐवजांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कागद बिनचूक असले की बँक पैसे देते, मग गोणीत काहीही असो. यास्तव त्रयस्थ तपासनिसाने जहाजावर चढण्यापूर्वी काढलेल्या व मोहोरबंद केलेल्या नमुन्याचा दाखला हाही एक आवश्यक दस्तऐवज म्हणून पतपत्रात नमूद करावा, त्या नमुन्याचा एक भाग आपल्या दप्तरी जपून ठेवावा, आणि तंटा झाल्यास कोणत्या प्रयोगशाळेचा निर्णय उभयपक्षी मान्य राहील हे अगोदर लिहून घ्यावे. कोरियाशी २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारासारख्या करारांन्वये जकातीत सवलत मागावयाची असेल, तर २०२० च्या नियमांनुसार मूळ देशाबाबत माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावरच आहे, याचेही भान हवे. आणि न्हावा शेवा बंदरात पावसाळ्यात उतरणारी खेप असेल तर गोणीच्या आतील प्लॅस्टिकचे अस्तर स्वतः उघडून पाहावे. ही भुकटी हवेतला ओलावा शोषून गुठळ्या धरते.

किमतीबद्दल एकच हिशेब मांडतो. वीस किलोच्या पिशवीत शेकडा ०.३ या प्रमाणाने साठ ग्रॅम ईथर पडते. किलोमागे पन्नास रुपये वाचविले, तर एका पिशवीमागे तीन रुपये वाचतात. त्या तीन रुपयांसाठी ज्याने पुरवठादार बदलला, त्याची एक फरशी चौथ्या मजल्याच्या बाह्यभिंतीवरून निखळली, की त्या घरमालकाला, त्या ठेकेदाराला आणि त्या गावातल्या विक्रेत्याला तो कायमचा मुकतो. खाली माणूस उभा असेल तर प्रश्न व्यापाराचा राहतच नाही. स्वस्त माल घेऊ नये, असे मी म्हणत नाही. परंतु पिशवीमागे पडणारा खर्च आणि खेपेखेपेतील सातत्य यांचाच विचार करावा, किलोचा भाव शेवटी पाहावा. तसेच दोन निरनिराळ्या देशांतील दोन पुरवठादार नेहमी मंजूर ठेवावेत. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली तेव्हा, किंवा दरवर्षी चिनी नववर्षात तेथील कारखाने व वाहतूक थंडावते तेव्हा, एकाच दारावर अवलंबून असलेला कारखाना हातावर हात ठेवून बसतो.

लहान कारखानदाराला हे सर्व एकट्याने परवडत नाही, हे मला मान्य आहे. व्हिस्कॉसिटीचे यंत्र, राख काढण्याची भट्टी आणि फरशी ओढण्याचे उपकरण एवढे साहित्य एका खोलीत मावते, पण प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे घेणे शक्य नाही. म्हणून बुटीबोरी, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा वसाहतींतील पुट्टी व टाइल अ‍ॅडहेसिव्ह बनविणाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या वसाहतीपुरती एक सामायिक तपासणीची खोली उभारावी, तिथे येणाऱ्या प्रत्येक खेपेची नोंद सर्वांना खुली ठेवावी, आणि पुढील खरेदीच्या हंगामापूर्वी हे काम हाती घ्यावे, अशी त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.