भार कोठे टेकावा? : मासेमारीतील कंबरपट्टा आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांतील ओढजाळे

प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरीही मासेमारी हा येथील एक जुना व्यवसाय आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या, माजी मालगुजारी तलाव आणि घोडाझरी, आसोलामेंढा यांसारखे मोठे सिंचन तलाव यांच्या काठी ढिवर व तत्सम समाजांची कित्येक कुटुंबे मासळीवर जगतात. या व्यवसायाचा अभ्यास बहुधा मत्स्यबीज, तलावांचे ठेके, सहकारी संस्था आणि बाजारभाव या अंगांनी होतो. मासा पाण्याबाहेर ओढून काढणाऱ्या माणसाच्या शरीरावर किती भार येतो, तो कोठे येतो आणि दुसरीकडे वळविता येईल काय, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत.

खोल समुद्रात हौसेने गळ टाकणाऱ्यांनी हे प्रश्न पूर्वीच विचारले आहेत. त्यातून त्यांनी एक साधन घडविले. इंग्रजीत त्याला 'फायटिंग बेल्ट' म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. कंबरपट्टा म्हटले की आपल्याकडे दागिना आठवतो; तथापि सोयीसाठी येथे तोच शब्द योजला आहे. प्रस्तुत लेखात या पट्ट्याची रचना, निवड व वापर यांमागील यामिकी स्पष्ट करून ती तलावातील ओढजाळ्याच्या कामाला कितपत लागू पडते, याचा विचार केला आहे.

पट्ट्याचा उगम व रचना

मोठ्या समुद्री माशांची गळाने शिकार हा क्रीडाप्रकार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील कॅटालिना बेटावर नावारूपास आला. तेथील ॲव्हलॉन गावी 1898 मध्ये 'ट्यूना क्लब' स्थापन झाला. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातील कुपा व गेदर यांच्या कुळातील मासा. त्याच्या मोठ्या जाती माणसाहून वजनदार होतात. असा मासा गळाला लागला की झुंज कधी तासन्‌तास चालते. आरंभी बोटीत पक्क्या बसविलेल्या खुर्चीत बसून ही झुंज दिली जाई. पुढे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सान दिएगो येथून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या बोटींवर उभ्याने मासा ओढण्याची पद्धत विकसित झाली. या बोटींवर एकाच वेळी अनेकांचे गळ पाण्यात असत आणि मासा नेईल तसे कठड्याकडेने फिरावे लागे. खुर्ची तेथे निरुपयोगी होती. खुर्चीने उचललेला भार आता शरीरानेच पेलणे भाग होते.

पट्ट्याची रचना साधी आहे. पुढच्या बाजूस किंचित वक्र, कडक पत्रा. त्याच्या आत मऊ अस्तर. पत्र्याच्या मध्यभागी काठीचे बूड बसेल एवढी वाटी. आणि वाटीत आडवी खीळ. काठीच्या बुडाला खाच असते. ती खिळीवर बसली की रीळ जड असूनही काठी हातात फिरत नाही. पत्रा कमरेभोवती रुंद पट्टीने बांधतात. जड मासेमारीत याच्या जोडीला नितंबांमागून येणारे एक रुंद पालाण असते व त्याचे दोन बंद रिळाच्या कड्यांना अडकवितात.

भाराचे गणित

या साधनाचा उपयोग समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. 24 किलो ताकदीचा तंगूस घेतला, तर रिळाचा ब्रेक साधारणपणे त्याच्या एक-तृतीयांशावर, म्हणजे 8 किलोवर ठेवतात. काठी सरळ आहे, ती 45 अंशांत धरली आहे, तिचे टोक बुडापासून आडव्या अंतराने 1 मीटर पुढे आहे आणि तंगूस सरळ खाली जातो, असे मानू. प्रत्यक्षात काठी वाकते, पण तर्क तोच राहतो. बुडाभोवती 8 किलो-मीटर इतके आघूर्ण तयार होते. बुडापासून 60 सेंमी अंतरावर हात काठीला काटकोनात ओढत असेल, तर त्याला 13 किलोंहून अधिक बल लावावे लागते. म्हणजे मासा 8 किलोने ओढतो आणि माणूस 13 किलोने. काठी लांब असून तिचे टोक 1.4 मीटर पुढे असेल, तर हाच आकडा जवळजवळ 19 किलोंवर जातो. उभ्याने मासेमारी करणाऱ्यांच्या काठ्या सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे आखूड का असतात, याचे उत्तर येथे मिळते. लांब काठीची तरफ माशाच्या बाजूने काम करते.

याच स्थितीत काठीचे बूड शरीरावर सुमारे साडेनऊ किलोंचा दाब देते. साडेतीन सेंमी व्यासाचे उघडे बूड ओटीपोटावर टेकले, तर तो दाब दर चौरस सेंमीला सुमारे 1 किलो होतो. 20 सेंमी रुंद व 15 सेंमी उंच पत्रा मध्ये आला की तोच भार 300 चौरस सेंमींवर पसरतो आणि दाब सुमारे तीसपट घटतो. डोक्यावर हंड्याखाली चुंबळ ठेवणाऱ्या स्त्रीला हे तत्त्व सूत्राविना ठाऊक असते. चुंबळीने हंडा हलका होत नाही. तो टोचत नाही, इतकेच.

पालाणाचे काम याहून वेगळे व अधिक महत्त्वाचे आहे. हातांवर येणारे ते 13 किलो बंदांमधून नितंबांकडे जातात. माणूस गुडघे किंचित वाकवून मागे रेलतो. तंगूस पावलांपासून सुमारे 1.2 मीटर पुढे असेल, तर 60 किलो वजनाच्या माणसाने आपला गुरुत्वमध्य अवघा 16 सेंमी मागे नेला की समतोल साधतो. मासा ओढण्याचे काम अशा रीतीने स्नायूंकडून शरीराच्या वजनाकडे जाते. स्नायू थकतात, वजन थकत नाही.

निवड व वापर

हलक्या तंगुसासाठी लहान वाटीचा, ओटीपोटावर बसणारा पट्टा चालतो. 24 किलो व त्यापुढील वर्गासाठी रुंद पत्रा हवा आणि तो पोटावर न ठेवता मांड्यांच्या वरच्या भागावर टेकेल इतका खाली बांधावा लागतो. बूड जितके खाली, तितके रीळ खाली आणि बंद नितंबांच्या पातळीत येतात. पट्टा वर सरकला तर ओढ पाठीच्या कण्याला वाकविते. मग महागडा पट्टाही निरर्थक ठरतो. अस्तर पाणी न शोषणारे असावे, पत्र्याच्या कडा मांडीत रुतू नयेत आणि बक्कल ओल्या हाताने, एका झटक्यात सुटावे. शेवटची अट सोयीची नसून जिवाची आहे, कारण रिळाला बांधलेला माणूस रिळासह पाण्यात ओढला जाऊ शकतो. म्हणून मागे एक सोबती उभा राहतो. 1939 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा-मासेमारी संघटनेच्या नियमांनुसारही पालाण काठीला वा रिळाला जोडता येते, खुर्चीला नाही. वापरताना काठी मोठ्या झोकाने उचलीत नाहीत. शरीर थोडे मागे न्यायचे, पुढे येताना सुटलेला तंगूस गुंडाळायचा, पुन्हा मागे जायचे. असे आखूड हेलकावे देतात.

तलावातील ओढजाळे

झाडीपट्टीतील तलावांत गळाच्या काठीचे स्थान गौण आहे. उन्हाळ्याकडे पाणी उतरले की रोहू, कटला, मृगळ यांचे मुख्य उत्पादन ओढजाळ्याने निघते. जाळ्याच्या वरच्या दोराला तरंडे, खालच्या दोराला शिशाचे मणी. दोन्ही टोकांना माणसे. आणि मधला घेर हळूहळू काठाकडे. धानाच्या सिंचनासाठी बांधलेल्या या तलावांचे तळ गाळाने भरलेले आहेत, अनेक ठिकाणी बेशरमची झुडपे पाण्यात शिरली आहेत. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांच्या देखभालीची जुनी गावव्यवस्था मोडली. गाळ व वनस्पती यांचा अर्थ उत्पादनाच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ओढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ सरळ आहे : दोर अधिक जड.

एका माणसाच्या वाट्याला 20 किलोंची आडवी ओढ आली असे समजू. तो उभा राहून छातीच्या उंचीवर, हातांनी दोर ओढतो. कण्याचा सर्वांत खालचा सांधा, म्हणजे पाचवा कटिमणका व त्रिकास्थी यांमधला, हातांच्या पातळीपासून सुमारे 40 सेंमी खाली आहे. त्या सांध्याभोवती 8 किलो-मीटर आघूर्ण येते आणि ते धड पुढे वाकवू पाहते. त्याला विरोध करणारे पाठीचे स्नायू सांध्यापासून फक्त 5 सेंमी अंतरावर काम करतात. साहजिकच त्यांना 160 किलोंचे ताण-बल द्यावे लागते आणि तेवढाच दाब मणक्यांमधील चकतीवर येतो. मागे रेलल्याने धडाचे वजन यातील काही भाग फेडते हे खरे, परंतु दमलेला माणूस रेलत नाही, वाकतो. वाकला की धडाचे वजनही उलट बाजूला जमा होते.

आता हाच दोर नितंबांमागून गेलेल्या रुंद पट्ट्याला जोडला तर? ओढ त्या सांध्याच्या पातळीत किंवा किंचित खाली येते. आघूर्णाची भुजा जवळजवळ शून्य होते आणि पाठीच्या स्नायूंना ओढीसाठी म्हणून वेगळे बल द्यावे लागत नाही. 50 किलो वजनाच्या माणसाला छातीच्या उंचीवरील, म्हणजे 1.3 मीटरवरील दोर तोलण्यासाठी गुरुत्वमध्य पावलांमागे 52 सेंमी न्यावा लागतो. 90 सेंमीवरील दोरासाठी 36 सेंमी पुरतात. पावलांखालच्या घर्षणाची गरज मात्र दोन्ही प्रसंगी सारखीच, 0.4 राहते. शेवाळलेल्या चिखलात तेवढे घर्षण मिळेलच असे नाही. तेथे पट्टा उपयोगी पडणार नाही. माणसे वाढविणे किंवा काठाची जागा बदलणे हाच उपाय आहे.

ओढ कमी करण्याचा आणखी एक मार्ग फुकट आहे. पाण्यातून जाणाऱ्या जाळ्याला होणारा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला तर पाण्याचा विरोध एक-चतुर्थांश होतो. बारीक आसाचे जाळे त्याच वेगाने अधिक जड लागते. मासा निसटेल या धास्तीने केलेली घाई म्हणूनच दुप्पट महाग पडते, आणि बारीक आस तर लहान मासळीचाही नाश करते.

पट्टा कसा असावा

येथे समुद्री पट्ट्याची नक्कल करण्याचे कारण नाही. वाटी व खीळ ही काठीची गरज आहे, जाळ्याची नाही. खाटेची जाड नवार दुहेरी शिवून, आत गोधडीचा तुकडा घालून 10 ते 12 सेंमी रुंदीचा पट्टा गावात होऊ शकतो. तो पोटावर न बांधता नितंबास्थीच्या कडेखाली, मागे त्रिकास्थीवर टेकेल असा बसावा. त्यासाठी ओढणाऱ्याने जाळ्याकडे तोंड करून मागे-मागे चालले पाहिजे. पाठ फिरवून पुढे चालल्यास पट्टा ओटीपोटावर येतो, आणि अंतर्गळाचा त्रास असलेल्यांना ते घातक आहे.

पट्ट्यापासून एक हात लांबीची सुती दोरी व तिच्या टोकाला लाकडी खुंटी असावी. दोरीचा अर्धा वेढा जाळ्याच्या दोरावर द्यावा व खुंटी हाताने दाबून धरावी. ओढ असेपर्यंत वेढा घट्ट राहतो आणि खुंटी सोडताच सुटतो. जाळ्याचा दोर कमरेला गाठ मारून कधीही बांधू नये. सरकगाठ तर मुळीच नको. पाणी मांडीच्या वर असेल तेथे पट्टा जोडूच नये. जाळे बुंध्यात अडकले, सोबत्याचा पाय घसरला किंवा तळातील खड्ड्यात तोल गेला, तर कमरेला बांधलेला माणूस जाळ्याबरोबर जातो. पट्टा काठावरच्या ओढीसाठी आहे, पाण्यातल्या चालीसाठी नाही. खोल पाण्यातील भाग दोन्ही हात मोकळे ठेवूनच करावा लागतो.

या पट्ट्याची गल्लत वजन उचलणारे कामगार घालतात त्या आवळपट्ट्याशी होऊ नये. पाठ आवळून धरणाऱ्या पट्ट्यांनी निरोगी कामगारांच्या पाठीची इजा टळते, याला पुरेसा पुरावा नसल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1994 मध्येच सांगितले होते. आवळपट्टा भार आहे तेथेच ठेवतो आणि केवळ धीर देतो. ओढीच्या पट्ट्याने भाराची जागा बदलते.

कंबरदुखी हा या भागातील किरकोळ विषय नाही. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने ग्रामीण भागातील पाठदुखीचा स्वतंत्र अभ्यास केला आहे आणि मणक्याच्या विकारतज्ज्ञांच्या साहाय्याने रुग्णांची तपासणीही चालविली आहे. ओढजाळ्यावरचा माणूस बहुधा पावसाळ्यात रोवणीवरही असतो, उन्हाळ्यात तेंदूपानांच्या फळीवरही. त्याची पाठ कोणत्या कामाने गेली, हे वेगळे काढणे अवघड आहे. दोराची ओढ मोजणे मात्र अवघड नाही. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातील 50 किलोंचा स्प्रिंगकाटा दोर व पट्टा यांच्या मध्ये अडकवून, गाळाचा काठ, वाळूचा काठ आणि बेशरमचा काठ अशा तीन ठिकाणी, संथ व घाईच्या अशा दोन वेगांनी वाचने घेता येतील. शारीरिक शिक्षण विभागाकडे नाडी मोजण्याची साधने असतात. प्रत्येक ओढीपूर्वीची व नंतरची नाडी त्याच वहीत लिहिली, आणि दोर एकदा हाताने व एकदा पट्ट्याने ओढला, तर वर गृहीत धरलेल्या 20 किलोंच्या जागी खरा आकडा बसविता येईल.