‘निगेटिव्ह’ रिपोर्टलाही एक गुण: सोरायटिक आर्थ्रायटिस समजून घेताना

नेरूळला आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. कोपरांवर सोरायसिसचे चट्टे बऱ्याच वर्षांपासून, त्यासाठी त्वचेचे डॉक्टर. मग पायाचं एक बोट सुजून जाड झालं, सकाळी सांधे तासभर आखडायला लागले, त्यासाठी हाडांचे डॉक्टर. रुमेटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे ‘वात नाही’, म्हणून पेनकिलर. आठ महिन्यांनी कुणीतरी दोन्ही तक्रारी एकत्र ऐकल्या आणि नाव सापडलं: सोरायटिक आर्थ्रायटिस.

आता गंमत बघा. २००६ साली ‘कॅस्पर’ निकष आले. ५८८ रुग्ण आणि इतर दाहक संधिविकार असलेले ५३६ जण यांची तुलना करून ते ठरवले गेले. सांधा, मणका किंवा स्नायुबंध हाडाला जोडला जातो ती जागा यांपैकी कुठेतरी दाह हवा, आणि किमान ३ गुण. सध्या सोरायसिस असेल तर २ गुण. नखांवर खड्डे, अख्खं बोट सुजणं, यांना प्रत्येकी १. आणि रुमेटॉइड फॅक्टर निगेटिव्ह असेल तर त्यालाही १! म्हणजे ज्या रिपोर्टवर काकूंना घरी पाठवलं, तोच निदानाच्या बाजूचा पुरावा होता.

उशीर महागात पडतो. आयर्लंडमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये सांध्यांची झीज अधिक दिसली.

उपचार कसे चालतात? त्वचा आणि सांधे, दोन्हीकडे टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ हे संदेशवाहक रेणू दाह पेटता ठेवतात. बऱ्याचदा सुरुवात मेथोट्रेक्सेटने होते. तेवढ्याने भागलं नाही तर हे रेणू अडवणारी बायोलॉजिक औषधं. पण टीएनएफ हाच रेणू शरीरात दडलेल्या टीबीच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवायलाही मदत करतो. म्हणून टीएनएफ अडवण्याआधी सुप्त टीबीची तपासणी करतात. आपल्याकडे तर ही पायरी चुकवून चालतच नाही.

संशोधनाची तयारी करताना एवढं लक्षात ठेवा: ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘काही नाही’ असं नसतं. ती टेस्ट नेमका कुठला प्रश्न विचारत होती, ते आधी तपासा. काकूंच्या बाबतीत तिने फक्त एवढंच विचारलं होतं की रक्तात रुमेटॉइड फॅक्टर आहे का. नखं कुणी बघितलीच नव्हती.